विश्लेषण : टेबलावर किल्ला कसा लढवायचा? चाकणचे ५६ दिवस खेळाला काय शिकवतात?

दिवाळी आली की जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या गावांत अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा, पोती आणि चिखल गोळा होतो. दोन दिवसांत किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव उगवते, बुरुजावर मावळे बसतात, पायथ्याला तोफ लागते. भाऊबीज झाली की किल्ला कोरडा पडतो आणि मावळे खोक्यात जातात. एवढी मेहनत घेऊन बांधलेला किल्ला कोणी लढवत मात्र नाही.

जगभर लोकप्रिय असलेल्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत, किल्ल्यावरचा हल्ला हा सर्वात अवघड प्रसंग मानला जातो. भल्याभल्यांचा खेळ तिथे रेंगाळतो. तो रंगवायचा कसा, याचा एक उत्तम नमुना बोरीपासून फार दूर नाही. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर अशा महामार्गावरच्या गावांवरून पुण्याकडे निघाले की चाकण लागते. तिथल्या भुईकोटाने १६६० मध्ये मुघल फौजेला ५६ दिवस झुंजवले होते.

हा खेळ नेमका काय असतो?

चार-पाच खेळाडू आणि एक सूत्रधार. सूत्रधाराला ‘गेम मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो आणि प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने ‘मी हे करतो’ असे सांगतो. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकले जातात. पट आणि सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी चालते.

या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्याची मुळे १९७१ च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तिकेत होती. गायगॅक्स आणि जेफ पेरन यांच्या त्या पुस्तिकेत किल्ल्याच्या वेढ्याचेही नियम होते. म्हणजे किल्ला या खेळाच्या जन्मापासून सोबत आहे.

मग वेढ्याचा प्रसंग फसतो कुठे?

तीन ठिकाणी. पहिले, संख्या. चार खेळाडूंची चकमक फाशांवर सहज चालते, पण तटावर ३०० आणि खाली हजारो माणसे असतील तर प्रत्येकाचा फासा टाकत बसणे शक्य नाही. दुसरे, वेळ. वेढा आठवडे किंवा महिने चालतो आणि त्यातले बहुतेक दिवस वाट पाहण्यात जातात. तिसरे, तट. नवखा सूत्रधार तटाला शत्रूसारखे वागवतो. ‘तटाची ताकद १०००, तोफेच्या गोळ्याने २० कमी’ असा हिशेब सुरू होतो आणि तासाभरात खेळाडू मोबाइल काढतात.

प्रत्यक्षात तट हा वेळ विकत घेण्याचे साधन असतो. आतल्यांना तो हवा असतो धान्य, पाऊस, मदत यांच्या भरवशावर. बाहेरच्यांना तो लवकर पाडायचा असतो, कारण हजारोंच्या छावणीलाही रोज दाणागोटा लागतो. दोन्ही बाजूंची झुंज काळाशी असते. ही गोष्ट चाकणच्या लढाईत स्वच्छ दिसते.

चाकणला काय घडले होते?

औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला. २१ जून रोजी त्याने चाकणच्या किल्ल्याला, म्हणजे संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. किल्ला डोंगरावर नव्हता. सपाटीवरचा भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक, तट आणि बुरूज एवढेच संरक्षण. आत काही शे माणसे होती.

बाहेरून मदत येण्याची शक्यताही धूसर होती. त्याच काळात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. १२ जुलैच्या रात्री ते तिथून निसटले, तेव्हा चाकणचा वेढा चौथ्या आठवड्यात होता.

पावसात मुघलांनी मोर्चे पुढे सरकवले आणि ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग खणला. १४ ऑगस्ट रोजी दुपारी तो उडवला. बुरूज माणसांसह उडाला. मुघल सैन्य खिंडाराकडे धावले आणि थबकले. आतल्या लोकांनी मागे मातीचा दुसरा बांध घालून ठेवला होता. त्याच्या आडून मारा सुरू झाला. मुघलांनी ती रात्र खिंडाराजवळच काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, त्यांनी पुन्हा चढाई करून किल्ला घेतला. उरलेले लोक आतल्या कोटात हटले आणि राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला सोडला. मुघल नोंदींनुसार त्यांचे २६८ सैनिक ठार आणि ६०० जखमी झाले.

वेढा, पाऊस, गुप्त खोदकाम, स्फोट, आतला बांध, रात्र आणि शेवटी वाटाघाट. सूत्रधाराला आणखी काय हवे?

५६ दिवस एका दुपारी कसे बसवायचे?

सोपा भागाकार आहे. ५६ दिवस म्हणजे आठ आठवडे, म्हणजे आठ फेऱ्या. एका फेरीला दहा मिनिटे दिली तर वेढा दीड तासाच्या आत संपतो. नंतरचा तास-दीड तास हल्ल्याच्या दिवसासाठी राहतो. पात्रे आणि किल्ला काल्पनिकच ठेवलेले बरे. चाकणची फक्त रचना घ्यावी. म्हणजे इतिहासातील व्यक्तींच्या तोंडी आपली वाक्ये घालावी लागत नाहीत आणि निकालही मोकळा राहतो.

घेणाऱ्यांचे काम : दर फेरीला सूत्रधार सहा बाजूंचा एक फासा टाकतो. येईल तेवढा सुरुंग पुढे सरकतो. बेरीज २८ झाली की सुरुंग तयार. एका फाशाची सरासरी ३.५, म्हणून आठ फेऱ्यांची सरासरी बरोबर २८. आठव्या फेरीअखेर सुरुंग तयार असण्याची शक्यता साधारण ५४ टक्के येते. म्हणजे निकाल आधी ठरलेला नसतो. आठ फेऱ्यांत सुरुंग झाला नाही, तर वेढा उठवायचा की शिड्या लावून धावायचे, हे बाहेरच्या सरदाराला ठरवावे लागते.

लढवणाऱ्यांचे काम : दर आठवड्याला चारपैकी फक्त दोन कामे करता येतात.

• तटाची डागडुजी. शत्रूच्या तोफांनी पाडलेला भाग भरून काढणे.

• आतला बांध. दर आठवड्याला एक थर. तीन थर झाले की हल्ल्याच्या वेळी फाशाला अधिक दोन.

• रात्रीचा छापा. दोन फाशांची बेरीज ८ किंवा जास्त आली (शक्यता सुमारे ४२ टक्के) तर सुरुंग चार घरे मागे. फसला तर गडाचे मनोबल एकाने कमी.

• सुरुंगाचा शोध. तो कोणत्या बुरुजाखाली येतो आहे हे ओळखणे. मध्ययुगात यासाठी जमिनीवर पाण्याचे भांडे ठेवून त्यातल्या लहरी पाहण्याची युक्ती अनेक ठिकाणी वापरली जाई.

खरी गंमत निवडीत आहे. शोध घेतला नाही तर बांध चुकीच्या बुरुजामागे बांधला जाईल. बांध घातला तर छाप्याला माणसे उरणार नाहीत. धान्याचे दहा वाटे ठेवावेत, दर आठवड्याला एक जातो. पावसासाठी वेगळा फासा, एक आला की त्या आठवड्यात दारू भिजली आणि दोन्हीकडच्या तोफा गप्प.

कोणी कोणती भूमिका घ्यायची?

पाश्चात्त्य खेळांत सरदार, तिरंदाज, जादूगार अशी पात्रे असतात. मराठी किल्ल्याला ती उसनी घ्यायची गरज नाही. सभासद बखरीत शिवकालीन गडाची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस या तिघांनी मिळून गडाचा कारभार पाहायचा आणि धान्य, दारूगोळा यांच्या कोठारासाठी कारखानीस. एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये, अशी ही मांडणी.

खेळासाठी ती तयार भेट आहे. हवालदाराकडे किल्ल्या आणि शेवटचा शब्द. सरनोबताकडे शिबंदी, म्हणजे गडावरचे सैन्य. सबनिसाकडे हजेरीपट, म्हणजे किती माणसे उरली हे फक्त त्याला माहीत. कारखानिसाकडे कोठार, म्हणजे धान्य किती दिवस पुरेल हे फक्त त्याला ठाऊक. सूत्रधाराने हे आकडे त्या-त्या खेळाडूला चिठ्ठीवर द्यावेत. खरे सांगायचे की धीर सुटू नये म्हणून लपवायचे, हा पेच आपोआप उभा राहतो. त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

हल्ल्याच्या दिवशी फासे कसे टाकायचे?

दिवसाचे सहा टप्पे करावेत : स्फोट, धाव, खिंडार, आतला बांध, रात्र, सकाळ. दोन्ही फौजांचे मनोबल १२ धरावे. गडाचे फसलेल्या छाप्यांमुळे आधीच थोडे उतरलेले असू शकते. प्रत्येक टप्प्यात दोन्ही बाजूंनी दोन-दोन फासे टाकायचे. ज्याची बेरीज कमी, त्याच्या मनोबलातून फरक वजा. हा फरक सरासरी पावणेतीन येतो. सहा टप्प्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सोळा-सतरा गुण जातात, म्हणजे प्रत्येकी आठ. लढाई शेवटच्या टप्प्यापर्यंत जिवंत राहते.

हजारोंची लढाई एवढ्या चार फाशांत संपवायची. खेळाडूंचा वेळ द्यायचा तो त्यांच्या पात्रांना. प्रत्येक टप्प्यापूर्वी सूत्रधाराने एका किंवा दोन खेळाडूंसमोर प्रसंग ठेवावा :

• दारूचे शेवटचे दोन बुधले उरले आहेत. कारखानीस ते खिंडारावर पाठवणार की उत्तरेच्या बुरुजावरील तोफेला देणार?

• दरवाजावर शत्रूचे ढोल वाजत आहेत. खरा हल्ला तिकडे आहे की ती हूल आहे? सरनोबत तिथली माणसे हलवणार का?

• बुरूज कोसळला त्या ढिगाऱ्याखालून आवाज येतो आहे. सबनिसाने माणसे उकरायला लावायची की बांधावर पाठवायची?

खेळाडूचा डाव साधला तर त्या टप्प्यात त्याच्या बाजूला अधिक दोन. हे ‘दोन’ किती मोठे? बरोबरीच्या लढतीत एका बाजूने टप्पा जिंकण्याची शक्यता ४४ टक्के असते, बरोबरीची ११ टक्के. अधिक दोन मिळाले की जिंकण्याची शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. आतल्या बांधाचे आणखी दोन मिळाले तर ८४. तीन आठवडे माती वाहिल्याचा हिशेब असा एका क्षणी चुकता होतो, आणि टेबलाभोवती सगळे उठून उभे राहतात.

खेळाडू हल्लेखोर असतील तरी पद्धत तीच. पहिल्या शिडीवर कोण, सुरुंगाची वात कोण पेटवणार, आतल्या माणसाशी बोलणी कोण करणार, एवढे प्रसंग बदलायचे.

सुरुंग नेहमी कामी येतो का?

नाही, आणि खेळातही येऊ नये. औरंगजेबाने स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी तिथे दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आतल्या बाजूला पडला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी जमलेल्या मुघल सैन्यावरच कोसळला. सुमारे २,००० माणसे मेली. किल्ला पुढे शरण गेला, पण त्या दिवशी सुरुंग उलटला होता.

म्हणून स्फोटाच्या टप्प्यात दोन फासे टाकावेत. बेरीज २ किंवा ३ आली (शक्यता ३६ मध्ये ३) तर तट बाहेर पडतो आणि घेणाऱ्यांचे मनोबल चाराने उतरते. शक्यता कमी आहे, पण वात पेटवणाऱ्या खेळाडूचा हात थरथरण्याइतकी पुरेशी आहे.

शिडीने, दोराने जाता येणार नाही का?

जाता येते, आणि चार-पाच खेळाडूंसाठी तोच सर्वात नैसर्गिक हल्ला आहे. एप्रिल १६५७ अखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री दोरशिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि खजिना व घोडे नेले. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे निवडक मावळ्यांसह रात्री कोंढाण्याचा कडा चढून गेले. अशा छाप्यात मोजकी माणसे आणि एक रात्र असते. आठवड्यांच्या फेऱ्या लागत नाहीत.

मात्र हा मार्ग चोरपावलांचा आहे. पहाऱ्याला जाग आली की शिडीवरचा माणूस सर्वात असहाय. खेळात ‘चाहूल’ मोजावी. दर चुकीला एक, तीन झाले की मशाली पेटल्या. दरवाजाने जाण्याची भाषा करणाऱ्याला शिवनेरी दाखवावी. सात दरवाजे एकापाठोपाठ एक, आणि चढणारा सतत वरच्या माऱ्यात. एक दरवाजा फोडून लढाई संपत नाही, पुढचा टप्पा सुरू होतो.

हार कधी मानायची?

या खेळांचा एक जुना दोष आहे. खेळाडू कधीच शरण जात नाहीत. कागदावरचे पात्र मेले तर दुसरे लिहिता येते, म्हणून प्रत्येक लढाई शेवटच्या माणसापर्यंत चालते आणि मरणाची किंमत उरत नाही.

वेढ्याच्या इतिहासात मात्र वाटाघाट हा लढाईचाच भाग होता. बहुतेक किल्ले बोलणी करून हातबदल होत. १५ ऑगस्ट १६६० च्या सकाळी बुरूज गेलेला होता, मदत येणार नव्हती. आणखी लढून किल्ला वाचला नसता, माणसे मात्र गेली असती. फिरंगोजींनी किल्ला दिला आणि उरलेली माणसे घेऊन ते बाहेर पडले. शाइस्ताखानाने त्यांना मुघल चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. शिवाजी महाराजांनी पुढे त्यांचा सन्मान केल्याचे परंपरा सांगते. किल्ला हातून गेला तरी आठ आठवडे मुघल फौज एका भुईकोटापुढे अडकून पडली होती. पावसाळ्याचा निम्मा काळ तिथेच गेला.

हे खेळात आणायचे तर विजयाची मोजणी बदलावी लागते. लढवणाऱ्यांना टिकवलेल्या प्रत्येक आठवड्याचा एक गुण, आणि शेवटी जिवंत बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीचे दोन. गडाचे मनोबल चार किंवा खाली आले की सूत्रधाराने एकदा पांढरे निशाण पुढे करावे आणि अटी सांगाव्यात. शस्त्रे ठेवून जायचे? जखमींना नेता येईल? निर्णय हवालदाराचा, पण बाकी तिघांचे ऐकून. शून्यावर पोहोचलेल्या गडाला अटी मिळत नाहीत. किल्ला पडूनही जास्त गुण मिळवलेला गट आणि किल्ला राखूनही सगळी माणसे गमावलेला गट, असे दोन्ही निकाल या मोजणीत येतात. खेळ संपल्यावर ‘तेव्हा द्यायला हवा होता का?’ हा वाद अर्धा तास चालला, तर डाव जमला असे समजावे.

अंगणातल्या किल्ल्यावर हे जमेल?

सहज. फासे चार, चिठ्ठ्या, पेन्सिल आणि दिवाळीचा किल्ला. आतला बांध खऱ्या चिखलानेच घालता येतो. थर मोजायला काडी पुरते. सुरुंगाची २८ घरे तटाबाहेर खडूने आखावीत आणि दर फेरीला एक खडा पुढे सरकवावा. लढवणाऱ्यांना तो दिसू नये म्हणून सूत्रधाराने त्यावर टोपली पालथी घालावी. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुले हा खेळ समजून खेळू शकतात. बेरीज-वजाबाकी आणि शक्यता यांचा सराव होतो तो वेगळाच.

आज चाकण म्हटले की वाहनांचे कारखाने आणि महामार्गावरची कोंडी आठवते. भुईकोटाचे अवशेष त्याच गावात आहेत. बोरीहून पुण्याला जाताना कोंडीत गाडी थांबलीच, तर मुलांना तो तट दाखवता येईल. आठवा आठवडा, एक बुरूज कमी, मनोबल चार. पुढची चाल कोणती, हे त्यांनाच विचारावे.